विदूषक मासा आणि त्याचे घर

पोवळे हा शब्द आपल्याकडे घरोघर परिचयाचा आहे. नवरत्नांत त्याची गणना होते आणि मंगळाची पीडा सांगितली गेली म्हणजे ते अंगठीत येऊन बसते. परंतु हे दागिन्यांचे लाल पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातले, खडकांच्या अंधाऱ्या कडेला वाढणारे. ज्या प्रवाळांविषयी आज आम्हांस बोलावयाचे आहे, ते उष्ण कटिबंधातल्या उथळ व लख्ख उजेडाच्या पाण्यात राहून चुन्याचे प्रचंड बांध घालणारे जीव आहेत. दोहोंचे नाते सख्ख्या भावंडांचे नव्हे, लांबच्या चुलत्यांचे आहे. ह्या चुन्याच्या बांधांना प्रवाळभित्ती म्हणतात. सबंध समुद्रतळाच्या मानाने ह्या भित्तींचा विस्तार शेकडा एकदेखील भरत नाही. तथापि समुद्रातील ज्ञात जीवजातींपैकी सुमारे चौथा हिस्सा ह्या ना त्या प्रकारे त्यांच्या आश्रयाने राहतो असे मानतात.

त्या गर्दीतला एक लहानसा रहिवासी आम्ही आजच्या विषयाकरिता निवडला आहे. लांबी हाताच्या बोटाएवढी. रंग पिकल्या संत्र्याचा. अंगावर तीन पांढरे पट्टे आणि प्रत्येक पट्ट्याला काळी किनार. चालही अशी डुलत डुलत की पाहणाऱ्यास हसू यावे. ह्यास विदूषक मासा म्हणतात. 2003 सालच्या एका अमेरिकन चित्रपटाने तो जगभरच्या मुलांच्या ओळखीचा करून सोडला. पण ह्या माशाची व माणसाची ओळख पाऊणशे-शंभर वर्षांची नसून तीनशे वर्षांची आहे, आणि तिचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे. माणसाने ह्या माशाचे चित्र काढले, त्यास मद्यार्काच्या बाटलीत घातले, लॅटिन नाव दिले, त्याचे काटे व खवले मोजले. आणि हे सारे झाल्यावर मग तो राहतो कोठे ह्याची विचारपूस केली. घर न पाहता माणूस ओळखू म्हणणाऱ्याची जी फजिती होते, तीच येथेही झाली. त्या फजितीची ही हकीकत आहे.

ह्या हकीकतीस आरंभ होतो तो लवंगांच्या व्यापारातून. सध्याच्या इंडोनेशियाच्या पूर्व भागात मोलुक्का नावाची बेटे आहेत. त्यांपैकी आंबोन ऊर्फ आंबोइना हे बेट 1605 साली वलंदेजांनी पोर्तुगिजांकडून घेतले. हे वलंदेज आपणांस परके नाहीत. वेंगुर्ल्यास ज्यांची वखार होती तेच हे लोक. आंबोनच्या खाडीत त्यांची गलबते लवंग व जायफळ भरून घेत आणि खाली, नांगराच्या दोराभोवती, जगातल्या अत्यंत संपन्न प्रवाळभित्तींपैकी एक पसरलेली असे. कंपनीच्या हिशेबात तिला अर्थातच रकाना नव्हता.

तरी कंपनीच्या चाकरीतही डोळस माणसे होती. जॉर्ज एबरहार्ट रुम्फियस हा जर्मन गृहस्थ असाच कंपनीचा नोकर म्हणून आंबोनला आला आणि तेथील झाडे, शिंपले व समुद्रजीव यांची टिपणे करण्यात त्याने जन्म घातला. 1670 साली तो आंधळा झाला. 1674 च्या भूकंपात त्याची बायको व एक मुलगी गेली. 1687 मध्ये आग लागून त्याची चित्रे जळाली. तरीही त्याने इतरांच्या डोळ्यांनी पाहून व इतरांच्या हातांनी लिहवून काम पुरे केले. 1702 साली तो वारला आणि तीन वर्षांनी त्याचा समुद्रातील नवलांचा ग्रंथ ॲम्स्टरडॅमला छापून निघाला. आंधळ्या रुम्फियसने जेवढे नेमके लिहिले, तेवढे त्याच्यामागून आलेल्या डोळस चित्रकारांना साधले नाही, हे येथे नमूद केलेच पाहिजे.

त्या चित्रकारांतला प्रमुख सॅम्युएल फालूर्स. हा कंपनीचा शिपाई. पुढे आंबोनमध्ये पाद्र्याच्या हाताखाली काम करू लागला आणि फावल्या वेळात माशांची रंगीत चित्रे काढू लागला. युरोपात अशा चित्रांना गिऱ्हाईक होते. लुई रनार नावाच्या ॲम्स्टरडॅमच्या पुस्तकविक्याने ही चित्रे जमवून 1719 च्या सुमारास माशांचा एक भव्य ग्रंथ काढला. पाने शंभर, चित्रे 460, आणि प्रत्येक चित्र हाताने रंगविलेले. (हा रनार इंग्लंडच्या राजाचा ॲम्स्टरडॅममधील हस्तकही होता आणि ती गोष्ट तो लपवून न ठेवता आपल्या नावापुढे अभिमानाने छापीत असे! असो.) रंगीत माशांवरचा युरोपात छापलेला हा पहिला मोठा ग्रंथ. परंतु त्यातले मासे पाहावे तर कोणाच्या कुशीवर चंद्रसूर्य काढलेले, कोणाच्या अंगावर नक्षत्रे, कोणाची मुद्रा अगदी माणसासारखी. शेवटी तर एक मत्स्यकन्याच आहे. ती टाकीत चार दिवस व सात तास जगली, उंदरासारखे चीत्कार करी आणि दिलेले अन्न खाईना, असा तपशीलही सोबत जोडला आहे!

ह्यावर हसणे सोपे आहे. पण आम्हांस फालूर्सचा सर्वस्वी दोष वाटत नाही. प्रवाळभित्तीवरचे मासे पाण्याबाहेर काढले की थोड्याच वेळात त्यांचे रंग फिके पडतात. खाली जाऊन पाहण्याचे साधन नाही, वर आणलेला मासा हां हां म्हणता विटतो, आणि ॲम्स्टरडॅमच्या गिऱ्हाइकाला तर भडक रंग हवेत. तेव्हा जे पाहिले नाही ते चित्रकाराने आपल्या पदरचे घातले. विशेष म्हणजे त्या ग्रंथातील कित्येक मासे, रंग सोडून आकार पाहिला असता, आजही ओळखता येतात. सोंगांच्या आड खरे मासे आहेत. नाही ते घर. मागे सगळीकडे कोरा कागद.

पुढचे शतक विद्वानांचे आले आणि कोरा कागद जाऊन त्याच्या जागी काचेची बाटली आली. 1758 मध्ये लिनीअसने विदूषक माशाच्या एका भाऊबंदास नाव दिले, आणि त्याची सोय लावली ती युरोपच्या नद्यांतल्या पर्च माशाच्या वर्गात. बर्लिनचा डॉक्टर ब्लॉख याने परदेशी माशांवर अनेक खंडांचा ग्रंथ लिहिला. त्याला आपल्या तरंगमबाडीच्या डॅनिश मिशनमधूनही मासे जात. त्याच्या पश्चात 1801 साली श्नायडरने पुरा केलेल्या ग्रंथात विदूषक माशांच्या कुळाला ‘ॲम्फिप्रिऑन’ हे नाव मिळाले. दुसऱ्याच वर्षी फ्रान्सच्या लासेपेदने त्यांतल्या एकास ‘पर्क्युला’ म्हटले, आणि 1830 मध्ये क्यूव्हिएने त्याच्याशी हुबेहूब मिळत्या दुसऱ्यास ‘ऑसेलारिस’. आंबोनचा जो, तो हा दुसरा. आपल्या अंदमानातही तोच सापडतो. पर्क्युला पूर्वेकडे, न्यू गिनी व सॉलोमन बेटांच्या पाण्यात राहतो. दोघांतला फरक सांगावयाचा तर पाठीवरच्या परातले काटे मोजावे लागतात.

बाटलीतल्या विद्येची मर्यादा दाखविणारा एक दाखला येथे सांगण्याजोगा आहे. ब्लॉखने 1787 साली एका देखण्या माशाला ‘इंपरेटर’, म्हणजे सम्राट, असे नाव दिले. निळ्या अंगावर पिवळ्या आडव्या रेघा असा त्याचा थाट. 1801 च्या वर सांगितलेल्या ग्रंथात आणखी एक मासा आला: गडद निळा, अंगावर पांढरी वर्तुळे, एकात एक काढलेली. तो निकोबारचा म्हणून त्याचे नाव ‘निकोबारिएन्सिस’. दोन वेश, दोन नावे, अर्थात दोन जाती! पुढे कळले की निकोबारचा हा मासा म्हणजे त्याच सम्राटाचे पोर. वयात येताना तो वर्तुळांचा अंगरखा टाकून रेघांचा घालतो. भित्तीवर त्याला वाढताना कोणी पाहिले असते तर हा घोटाळा झालाच नसता. पण बाटलीतला मासा वाढत नाही.

ह्या परंपरेचा कळस म्हणजे पीटर ब्लेकर. हा डच लष्करी डॉक्टर 1842 साली बटाव्हियास, म्हणजे आजच्या जाकार्तास, आला आणि अठरा वर्षे राहिला. माशांवर त्याचे पाचशेच्या वर निबंध आहेत. 1862 पासून मरेपर्यंत त्याने पूर्वेकडील माशांचा सचित्र कोश काढला. त्याचे नऊ खंड तो हयात असेतो निघाले. शेकडो जातींना त्याने प्रथम नावे दिली. आपल्या समुद्रात आढळणारा सेबी नावाचा विदूषक मासाही त्यांपैकीच. मद्रासच्या लष्करातील डॉक्टर फ्रान्सिस डे याने 1875 ते 1878 मध्ये हिंदुस्थानच्या माशांवर जो ग्रंथ लिहिला, तोही ह्याच घराण्यातला. ब्लेकरच्या श्रमांपुढे कोणीही नतमस्तक व्हावे. परंतु त्याचे मासे येत कोठून? मुख्यतः मासळीबाजारातून. टोपलीतला मासा, फार तर कोळ्याने सांगितलेले खाडीचे नाव, आणि पुढे मद्यार्क. ज्या कोळ्यांनी व बुडी मारणाऱ्यांनी हे मासे धरले, त्यांनी ते कशात लपतात हे पाहिले असलेच पाहिजे असा आमचा तर्क आहे. पण त्यांस ते विचारण्याची विद्वानांना गरज वाटली नसावी.

आता घराकडे वळू. आल्फ्रेड रसेल वॉलेस हा 1857 च्या अखेरीस आंबोनला उतरला. त्या खाडीचे पाणी इतके स्वच्छ की नावेत बसून खाली पाहता येई. तळाशी प्रवाळांची, स्पंजांची व समुद्रपुष्पांची जणू बाग, तिच्यातून टेकड्या व दऱ्या, आणि त्यांतून फिरणारे निळे, तांबडे, पिवळे मासे: असे वर्णन त्याने 1869 च्या आपल्या प्रवासग्रंथात केले आहे. ब्लेकरच्या यादीत एकट्या आंबोनचे 780 मासे आहेत आणि ते सबंध युरोपच्या नद्या व समुद्रांतल्या माशांच्या जवळपास भरतात, हेही तो तेथेच सांगतो. इतके प्रकार एवढ्याशा जागेत का, हा प्रश्न येथे उभा राहतो, आणि त्याचे उत्तर माशाजवळ नसून भिंतीजवळ आहे.

प्रवाळ हा एक इवलासा मऊ जीव. तोंडाभोवती बोटांसारखे संस्पर्शक, आणि बुडाशी तो चुन्याची वाटी तयार करतो. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळे राहतात. ते सूर्यप्रकाशावर अन्न शिजवितात व भाड्यादाखल त्यातला मोठा भाग घरमालकास देतात. म्हणून ह्या प्रवाळास उजेड हवा, उबदार पाणी हवे आणि गाळ नको. आपल्या कोकणात पावसाळ्यात प्रत्येक नदी तांबडी होऊन समुद्रास मिळते. त्यामुळे मालवणजवळच्या खडकांवर प्रवाळांचे थोडे ताटवे आहेत, भित्ती नाही. जेथे पाणी निवळ, तेथे पिढीवर पिढी चुना चढत जाऊन भोके, कपारी, कमानी व गल्ल्या तयार होतात. शनिवार पेठेत जशी दर दहा पावलांवर निराळी वस्ती, तसे तेथे होते.

पण अथांग सागराच्या मध्यावर, जेथे तळ हजारो फूट खोल, तेथे उथळ पाण्यात राहणाऱ्या ह्या जीवाने बेटे बांधली कशी? 1842 मध्ये डार्विनने ह्याचे उत्तर दिले. ज्वालामुखीचे बेट हळूहळू खचते. त्याच्या काठचे प्रवाळ तितक्याच हळू वर चढत राहतात. शेवटी बेट बुडते आणि कंकणासारखी गोल भित्ती तेवढी उरते. ह्यास कंकणद्वीप म्हणतात. हे अनुमान खरे की नुसते सुंदर, हा वाद शंभर वर्षे चालला. 1952 साली प्रशांत महासागरातील एनिवेटॉक कंकणावर भोके पाडली, तेव्हा सुमारे चौदाशे मीटर प्रवाळी चुनखडीच्या खाली ज्वालामुखीचा कातळ लागला. डार्विनचे म्हणणे साक्षीपुराव्यानिशी सिद्ध झाले.

ह्या गोष्टीत आपले स्वतःचे एक प्रकरण आहे, ते सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातील एका तप्त स्थानावरून हिंदुस्थानचा भूखंड सरकत असता लाव्ह्याचे थरावर थर पसरले. रायगड, सिंहगड ज्यावर उभे आहेत, वेरूळची लेणी ज्यात कोरली, तो आपला काळा कातळ तो हाच. भूखंड उत्तरेकडे सरकत गेला, ते स्थान पेटतेच राहिले, आणि मागे समुद्रात ज्वालामुखींची एक रांग उमटली: लक्षद्वीप, मालदीव, छागोस, पुढे मॉरिशस, आणि शेवटी रियुनियन, जेथे ज्वालामुखी आजही जागा आहे. त्या रांगेतले उत्तरेकडचे डोंगर बुडाले आणि त्यांच्या माथ्यांवर प्रवाळांनी कंकणे बांधली. म्हणजे लक्षद्वीपची पांढरी वाळू ज्यावर आहे तो पाया आणि आमच्या सह्याद्रीचा कडा, हे एकाच भट्टीतले. केरळच्या किनाऱ्यापासून दोनशे ते साडेचारशे किलोमीटरवर असलेल्या ह्या छत्तीस बेटांची सारी जमीन मिळून 32 चौरस किलोमीटर. पण भोवतालच्या पाण्यातून जोन्स व कुमारन ह्या आपल्या शास्त्रज्ञांनी 1980 च्या ग्रंथात 603 जातींचे मासे नोंदले. त्यांत विदूषक माशाचे भाऊबंदही आहेत.

मात्र विदूषक मासा नुसत्या भित्तीत राहत नाही. भित्तीच्या आतही त्याची एक खोली ठरलेली असते. ती कोणती, हे प्रथम छापून सांगितले कथबर्ट कॉलिंगवुड ह्या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने. 1866 व 1867 मध्ये तो सरकारी जहाजांबरोबर चीनच्या समुद्रात हिंडत होता. तेथे ओहोटीच्या उथळ पाण्यात त्याला दोन-दोन फूट रुंदीची प्रचंड समुद्रपुष्पे दिसली. समुद्रपुष्प हे नावापुरते पुष्प. वस्तुतः तो प्रवाळाचाच बिनचुन्याचा नातेवाईक, आणि त्याचे प्रत्येक संस्पर्शक विषारी दंशकोशिकांनी भरलेले. लहान मासा लागला की लुळा होऊन पोटात गेलाच. कॉलिंगवुडने अशा एका फुलाला डिवचले तर आतून रंगीत मासे जिवंत, धडधाकट बाहेर आले! 1868 साली त्याने हे प्रसिद्ध केले, तेव्हा ह्या माशांना त्याने जवळजवळ बांडगूळच ठरविले. पुढच्याच वर्षी लाबुआनच्या द क्रेस्पिनी ह्याने अशीच दुसरी जोडी पाहिली आणि तिच्या नात्याला ‘मैत्री’ हा शब्द वापरला. रनारच्या ग्रंथानंतर दीडशे वर्षांनी माशाचा पत्ता लागला, तो असा.

मग प्रश्न निघाला की हा मासा मरत कसा नाही? ह्यावर बराच काळ तर्कच चालले. 1943 मध्ये कूस्तो व गान्यां यांनी पाण्याखाली मोकळेपणी श्वास घेण्याचे यंत्र तयार केल्यावर माणूस प्रथमच ह्या घरी पाहुणा म्हणून राहू लागला, आणि दुसरीकडे मत्स्यालयांत जिवंत मासे टिकू लागले. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली उघडले, ते ह्याच काळातले. 1958 मध्ये अमेरिकेत डेव्हनपोर्ट व नॉरिस यांनी दाखविले की संरक्षण आहे ते माशाच्या अंगावरील बुळबुळीत स्रावात, आणि अपरिचित मासा फुलाशी हळूहळू, अंग चाटून चाटून सलगी करतो. हा स्राव माशाचा स्वतःचा की फुलाकडून माखून घेतलेला, ह्यावर अजूनही शास्त्रज्ञांत एकमत नाही. ज्या एका साखरी आम्लामुळे दंशकोशिका चेततात ते ह्या माशाच्या स्रावात फार कमी असते, असे 2015 च्या एका संशोधनात आढळले आहे. त्या दिशेने आता उलगडा होईलसे दिसते.

बांडगूळ हा आरोप मात्र टिकला नाही. समुद्रपुष्प कुरतडणाऱ्या फुलपाखरू माशांना हा चिमुकला विदूषक अंगावर धावून हाकलतो. त्याच्या मलमूत्रातून फुलाच्या अंगातील शेवाळ्यांना खत मिळते. रात्री फुलात पहुडल्यावर त्याच्या हालचालीने आतले पाणी खेळते राहते. भाडेकरू घराची डागडुजी करतो, असे दृश्य आमच्या शहरांत दुर्मिळच. तीस-एक जातींचे विदूषक मासे आणि त्यांना आसरा देणारी अवघी दहा जातींची समुद्रपुष्पे, एवढाच हा संसार आहे. त्याबाहेर, उघड्या भित्तीवर, विदूषक मासा फार वेळ जगत नाही.

त्या संसारातली व्यवस्था तर बाटलीत बघून कोणास कधीच कळली नसती. एका फुलात एक मोठी मादी, तिच्याहून लहान तिचा नर, आणि त्याखाली उतरत्या मापाचे दोन-चार अविवाहित. 1977 साली जर्मनीच्या फ्रिके पतिपत्नींनी प्रसिद्ध केले की मादी मेली म्हणजे तिचा नरच मादी होतो, आणि अविवाहितांतला सर्वांत मोठा नर म्हणून पुढे येतो! जन्मतः मादी कोणीच नसते. बस्टन ह्या संशोधकाने न्यू गिनीत पाहिले की खालचा प्रत्येक मासा आपली वाढ आवरून धरतो. वरच्याच्या मापाजवळ गेला तर घराबाहेर काढला जाईल, हे भय. वडील माणूस बसल्याखेरीज धाकट्यांनी पाटावर बसू नये, ह्या शिस्तीचीच ही पराकाष्ठा म्हणावयाची. चित्रपटात आई मेल्यावर बाप मुलाला शोधीत समुद्र पालथा घालतो. निसर्गाच्या नियमाने तो बाप एव्हाना आई झाला असता. मुलांच्या चित्रपटात ते आणले नाही हे ठीकच झाले.

अंडी फुलाच्या बुडाशी खडकावर घातली जातात आणि नर त्यांस परांनी वारा घालतो. आठवडाभराने, अंधार पडल्यावर, डिंभ बाहेर पडतात व दहा-बारा दिवस मोकळ्या समुद्रात वाहत जातात. ही पोरे प्रवाहाबरोबर कोठल्या कोठे जात असतील अशी समजूत होती. 2007 साली पापुआ न्यू गिनीतील किंबे बेटावर पर्क्युला माशांची पाहणी झाली, तेव्हा त्या बेटाभोवती स्थायिक झालेल्या पोरांपैकी सुमारे शेकडा साठ पोरे त्याच बेटावरच्या आईबापांची निघाली. तिळाएवढा जीव, आणि घर शोधीत परत येतो.

रंगांविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत, कारण फालूर्सचे कुतूहल तेच होते. ऑस्ट्रियाचा लोरेन्झ याने 1963 च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात असे मांडले की भित्तीवरच्या माशांचे भडक रंग म्हणजे निशाणे होत: ‘ही जागा माझी, माझ्या जातीच्याने येऊ नये.’ सरसकट सर्वांना हे लागू पडत नाही. परंतु विदूषकापुरते पाहिले तर 2024 मध्ये जपानच्या ओकिनावा येथील संशोधकांनी दाखविले की हा मासा समोरच्याच्या अंगावरचे पट्टे मोजल्यासारखा वागतो आणि तीन पट्ट्यांच्या परक्यावर अधिक त्वेषाने तुटून पडतो. चंद्रसूर्य नाहीत, पण निशाण आहे.

येथपर्यंत हकीकत ज्ञानाची झाली. ज्या पन्नास-साठ वर्षांत माणसाला हे घर कळले, त्याच वर्षांत ते माणसाच्या हातून बिघडूही लागले. 1960 नंतर फिलिपीन्समध्ये मत्स्यालयांसाठी रंगीत मासे धरताना सायनाइड फवारण्याची रीत पडली. मासा गुंगून हाती येई आणि मागे प्रवाळ मरत. ह्यावर उपाय निघू शकतो: विदूषक मासा हौदात वाढविता येतो, आणि आपल्याकडे मंडपमच्या केंद्रीय संस्थेतही ते साधले आहे. पण समुद्राचे पाणीच तापू लागले तर हौद कोणाला पुरणार? उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तपमानाहून एखादा अंश अधिक उष्णता काही आठवडे टिकली की प्रवाळ आपल्या अंगातील शेवाळी टाकून देतात व पांढरेफटक पडतात. समुद्रपुष्पांचेही तेच होते. लक्षद्वीपवर ही आपत्ती 1998, 2010 व 2016 साली आली, आणि 1998 पासूनच्या चोवीस वर्षांत तेथील पाहणी केलेल्या बेटांवर जिवंत प्रवाळांचे आच्छादन सुमारे निम्म्यावर आले. पॅसिफिकमधील मोरेआ बेटावर 2016 मध्ये पांढऱ्या पडलेल्या फुलांत राहणाऱ्या जोड्यांची अंडी शेकडा 73 ने घटली. घर मेले नव्हते, नुसते फिके झाले होते. 2023 साली तांबड्या समुद्राच्या मध्यभागी मात्र फुलेच मोठ्या प्रमाणात मेली, आणि पाहणीतल्या भित्तींवर विदूषक माशांपैकी शंभरांत चौऱ्याण्णवांहून अधिक मेले.

त्याच वर्षी किंबेच्या उपसागरातही पाणी तापले. तेथे 134 विदूषक माशांची लांबी महिन्यामहिन्याने मोजली जात होती. त्यांतले सुमारे शंभर मासे आखूड झाले: अंगाने वाळले असे नव्हे, लांबीनेच कमी झाले. वरच्याचे माप ओलांडू नये म्हणून वाढ आवरणारा हा मासा तापलेल्या घरात आपले आहे ते मापही कमी करतो, हे कोणाच्या स्वप्नीही नव्हते. जे आकसले ते अधिक संख्येने जगले. आणि ज्या जोड्यांत नर व मादी दोघेही बरोबर आकसली, त्यांचा निभाव अधिक चांगला लागला.